शेरा: मीटर बंद

कालव्याच्या कडेचा रस्ता निम्मा संपला, तेव्हा धाकटी एका दगडावर बसली, चपलेतला खडा झटकला आणि म्हणाली, "जाऊबाई, एकदा खरं सांगून टाका. आपण जेवायला चाललोय, की तुम्ही मला दमवून मारायला आणलंय?"

थोरली पाच-सहा पावलं पुढे गेली होती. ती तिथंच उभी राहिली, पण मागे वळली नाही.

"बस होती," धाकटी म्हणाली. "अकरा मिनिटांत दारात सोडते."

"बसमध्ये विचार होत नाही."

"विचार कसला त्यात? ताटावर बसायचं, पोटभर खायचं, छान झालंय म्हणायचं आणि यायचं. तुमची रविवारची लेक ती. तिच्याकडे जायलासुद्धा विचार लागतो?"

"लागतो," थोरली म्हणाली.

एका घरात आलेल्या ह्या दोन सुना. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, एकामागोमाग गेले. धाकटी मुला-सुनेजवळ राहते, घरात दोन नातवंडांचा धुडगूस असतो. थोरलीला मूलबाळ नाही. दोन गल्ल्या सोडून तिच्या दोन खोल्या, एक खिडकी, एक खुर्ची. दुसरी खुर्ची आहे, पण तिच्यावर घडी केलेल्या चादरी असतात. कोणी आलं की चादरी उचलाव्या लागतात, आणि त्या कधी उचललेल्या धाकटीला आठवत नाहीत.

नवरा गेल्यावर थोरली पाणीखात्यात लागली, मीटर वाचायला. एकोणतीस वर्षं तिनं दारोदार हिंडून मीटर वाचले. आजही कुणाकडे गेली की तिची नजर आधी फाटकाजवळच्या भिंतीकडे जाते. "माणसाच्या तोंडाआधी मीटरचं तोंड बघतात आमच्या जाऊबाई," असं धाकटी चारचौघांत सांगायची. थोरलीही काही कमी नव्हती. म्हणायची, "लोक एकमेकांना फुकट पाण्यात बघतात. मी पगार घेऊन बघते." कुठल्या घरी पाहुणे उतरलेत, कुठली सून रुसून गेलीय, कुणाचा मुलगा परत आलाय, सगळं तिला आकड्यावरून कळायचं. पण एका घरचं दुसऱ्या घरी तिनं कधी सांगितलं नाही. गल्लीत तिला मीटरबाई म्हणत, आणि हे नाव तिला आवडायचं.

रविवारची लेक म्हणजे तिची कुणीच नव्हे. दर रविवारी चार वाजता एका परगावच्या बाईचा फोन यायचा. "मावशी, कशा आहात?" एवढ्यापासून सुरुवात. एकोणीस वर्षांत एक रविवार चुकला नाही. त्या फोनसाठी थोरली साडेतीनला तोंड धुऊन, केस विंचरून बसायची, जणू पलीकडून दिसणारच आहे. आठवड्यात तिच्याकडे दुसरा फोन येत नसे. हे धाकटीला माहीत होतं, आणि दोन गल्ल्यांवर राहून आपण कितीदा जातो हेही माहीत होतं. म्हणून ती त्या लेकीची थट्टा करायची, पण बेतानं.

ती बाई आता ह्याच शहरात राहायला आली होती, कालव्यापलीकडच्या नव्या वसाहतीत. आल्या आल्या तिनं मावशींना जेवायला बोलावलं. "एकटीनं नको," थोरली धाकटीला म्हणाली होती. "तू चल."

आता थोरली दगडापाशी परत आली आणि म्हणाली, "जरा सरक." दगडावर दोघी कशाबशा मावल्या.

"तिचे वडील माझ्या वहीतले होते," थोरली म्हणाली. "म्हातारबाबा म्हणायचे मी त्यांना."

"हो, ते वारल्याचं कळलं तुमच्यामुळे. म्हणून तर ती एवढं करते तुमचं. शंभरदा सांगितलंय तुम्ही."

"मी नाही सांगितलं. ती सांगते. मी फक्त नाही म्हटलं नाही."

मग तिनं सांगितलं ते असं.

म्हातारबाबा एकटेच राहायचे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे त्यांना उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचता यायची. त्यांचा मीटर घरामागं, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. ती वाकून आकडा लिहायला लागली की ते खिडकीतून तिची वही उलटी वाचायचे. "बाई, तुमचा सात एकासारखा दिसतो. नीट काढा, माझं पाणी चोरीला जाईल." मग पेलाभर पाणी पुढे करायचे. "मोजलेलं आहे हं. सांडू नका." महिन्यातून एकदा, पाच मिनिटं. बस, एवढीच ओळख.

त्या शुक्रवारी दुपारी साडेबाराला ती मागच्या बाजूला गेली. मीटरच्या काचेखाली एक बारीक लाल चांदणी असते. थेंबभर पाणी गेलं तरी ती फिरते. ती फिरत होती, संथ, न थांबता. आत नळ चालू राहिलेला. तिनं हाक मारली, "म्हातारबाबा, नळ!" उत्तर आलं नाही. टाचा उंचावून तिनं खिडकीतून पाहिलं. फरशीवर दोन पाय दिसले. एका पायात चप्पल होती, दुसरी ओट्याखाली गेली होती. वर नळाची बारीक धार चालली होती.

"मग?" धाकटीनं विचारलं.

"मग मी मीटरशेजारचा कॉक बंद केला. पाणी वाया जात होतं ना."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली.

"चांदणी थांबली. मग वही काढली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, मीटर बंद."

त्या रकान्यात ठरलेले शेरे असत: दार बंद, कुत्रा मोकळा, काच फुटलेली. 'मीटर बंद' लिहिलं, तर आठ दिवसांच्या आत फिटरनं जाऊन बघायचं, असा खात्याचा नियम होता.

"म्हणजे फिटर जाईल, त्याला दिसेल, तो कळवेल. माझं नाव कुठंच नको. आणि खोटं लिहिलं असंही नाही. आधी बंद केला, मग बंद लिहिला." थोरली जराशी हसली, पण ते हसू धाकटीला बघवलं नाही. "आमच्यातल्या एकानं आदल्या वर्षी रस्त्यावरचा अपघात कळवला होता. त्याला चौकीत दिवसभर बसवलं, नंतर साक्षीला सात चकरा. साहेब म्हणाले होते, नसती उठाठेव कुणी करायची नाही. पण ही कारणं मी नंतर गोळा केली. त्या वेळी मनात एवढंच आलं, की अजून अकरा घरं राहिलीत. आणि मी ती अकरा घरं केली. एक आकडा चुकला नाही."

कालव्यातून कुणाचा तरी प्लास्टिकचा डबा वाहत गेला. दोघींनी तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

"जाऊबाई," धाकटीनं हळूच विचारलं, "आणि जीव असता त्यांच्यात तर?"

"नव्हता. गुरुवारी रात्रीच गेले होते, असं डॉक्टरांनी लिहिलं." थोरली उठली. "पण ते कळलं आठ दिवसांनी. शुक्रवारी मला माहीत नव्हतं."

'देवाला सगळं कळतं' हे धाकटीच्या तोंडात बसलेलं वाक्य. दूध उतू गेलं तरी ती ते म्हणायची. आता ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. धीर द्यायला म्हणावं तर ते ऐकायला धमकीसारखं वाटलं असतं. ती उठून चालू लागली.

पुढचं थोरलीनं चालता चालता सांगितलं. फिटर आठव्या दिवशी गेला, शनिवारी. दिवस कडक उन्हाचे. कचेरीत आठवडाभर हशा पिकला, 'बाईंनी मीटर बंद लिहिलं आणि बंद भलतंच निघालं!' थोरलीही हसली. एकट्या फिटरनं जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "बाई, तिथला कॉक कुणी बंद केला होता?" तिनं डब्यातून मान वर केली नाही. त्यानं परत विचारलं नाही. महिन्याभरानं लेक घर आवरायला आली. कचेरीत चौकशी करून हिच्या दारी आली आणि हिचे दोन्ही हात धरून रडली. "तुम्ही तो शेरा लिहिला म्हणून तरी कळलं, मावशी. नाहीतर अजून किती दिवस पडून राहिले असते." त्या रविवारपासून फोन सुरू झाला.

"इतकी वर्षं निभावलंत," धाकटी म्हणाली. "झाकली मूठ राहू द्या. आता ह्या वयात कशाला? ती तुटली तर तुम्हाला आहे कोण?"

"कोणी नाही," थोरली सरळ म्हणाली. "पण फोनवर खपलं ते ताटावर बसून खपणार नाही. तिच्या हातचा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

नव्या घराला रंगाचा वास होता. कपाटावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. लेक पन्नाशीच्या पुढची, चष्म्यातून हसणारी, हातात पळी घेऊनच दार उघडायला आली. "मावशी! चालत आलात? अहो, बस होती की!"

"मीही तेच म्हणत होते," धाकटी म्हणाली आणि आपण उगाच बोललो असं तिला झालं.

टेबलावर तीन ताटं मांडली होती, पाण्याचे पेले भरून ठेवले होते. थोरली बसली नाही. खुर्चीची पाठ धरून तिनं उभ्यानं सांगितलं, मघाशी सांगितलं तसंच, चांदणीपासून शेऱ्यापर्यंत. कारण मात्र एकही सांगितलं नाही.

लेकीनं पळी टेबलावर ठेवली. मग विचारलं, "शुक्रवारी?"

"शुक्रवारी. साडेबाराला."

"मी रविवारी फोन केला होता. चार वाजता. बराच वेळ घंटा वाजू दिली." ती पेल्याकडे बघून बोलत होती. "उचलला नाही. म्हटलं, गेले असतील कुठं फिरायला. मग पुढच्या रविवारी करू, म्हटलं."

आत गॅसवर काहीतरी शिजत होतं, त्याच्या झाकणाचा आवाज येत राहिला.

"मला तेव्हा पोलिसांनी बघू दिलं नाही," लेक म्हणाली. "म्हणाले, नका बघू, सहन होणार नाही. तुम्ही पाहिलंत ना? शुक्रवारी अजून नीट असतील. चेहरा कसा होता?"

शांत होता, झोपल्यासारखा होता, म्हणून टाका, असं धाकटीनं मनातल्या मनात दहा वेळा म्हटलं. एवढ्या एका वाक्यानं सगळं सावरलं असतं.

"चेहरा मला दिसला नाही," थोरली म्हणाली. "पाय दिसले फक्त. आणखी जरा वाकले असते तर दिसला असता. वाकले नाही."

लेकीनं मान हलवली. मग एक ताट उचललं आणि मांडणीत ठेवलं. दुसरं ठेवलं. तिसरं हातात धरून उभी राहिली.

"या तुम्ही, बाई," ती म्हणाली.

मावशी नाही, बाई. धाकटीला ते कळलं, आणि थोरलीला कळलेलंही दिसलं. लेक दारापर्यंत आली नाही. जिना उतरल्यावर थोरलीचे डोळे सवयीनं मीटरच्या भिंतीकडे गेले. तिनं ते तिथून काढून रस्त्याला लावले.

परत येताना त्या बसनं आल्या.

पुढच्या रविवारी धाकटी साडेतीनला थोरलीच्या दारात उभी.

"गाळणी द्या जरा."

"तुझी कुठं गेली?"

"सापडत नाही."

"सून माहेरी घेऊन गेली वाटतं," थोरली म्हणाली आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या चादरी उचलून पलंगावर ठेवल्या. तिचं तोंड धुतलेलं होतं, केस विंचरलेले होते. स्टुलावर फोन होता. दोघी त्याच्याकडे न बघता बसल्या. धाकटीनं सुनेच्या चुका सांगितल्या, नातवाची परीक्षा सांगितली, भाजीवाल्याशी झालेलं भांडण त्याचा आवाज काढून सांगितलं. थोरली योग्य जागी हसली. चार वाजले. साडेचार झाले. मध्ये एकदा वरच्या मजल्यावर घंटा वाजली आणि थोरलीचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, तो तिनं परत गुडघ्यावर ठेवला. साडेपाचला ती उठली आणि फोनवर रुमाल टाकला.

"पुढच्या रविवारी करेल," धाकटी म्हणाली. म्हटल्यावर तिला ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

थोरलीनं गाळणी तिच्या हातात दिली आणि फाटकापर्यंत आली. तिथं भिंतीत तिचा स्वतःचा मीटर होता. तिनं वाकून झाकण उचललं, अंगठ्यानं काच पुसली.

"तू सकाळी दुधाला इथूनच जातेस ना?"

"इथूनच."

"मग जाताना हे झाकण उचलत जा. काळे आकडे सोड, शेवटचे दोन लाल आहेत ते बघायचे. उठल्या उठल्या मी एक बादली भरते, त्यामुळे ते रोज पुढे सरकलेलेच असतात."

"जाऊबाई, काहीतरीच काय बोलता!"

"ऐक. आकडा कालचाच दिसला, तर दार वाजव. उघडलं नाही तर मागे फिरू नकोस. घरी जाऊन विचारून येते म्हणू नकोस, फिटरची वाट बघू नकोस. आत येऊन नीट वाकून बघ, चेहरा दिसेपर्यंत. आणि तिथल्या तिथं चार माणसांना हाक मारून सांग, मी पाहिलं म्हणून. तुझ्या नावानं सांग. एवढं माझं करशील? उद्यापासून?"