जाळीला हवा झोळ

तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत आणि पाठीमागे निरगाठ. सुरगाठ टोक ओढलं की सुटते, निरगाठ ओढावी तेवढी आवळत जाते. बाईचंही तसंच. एकदा मनात घेतलं की ते कोणाच्या बापाला सुटायचं नाही.

जाळ्या विणणं हे तिचं काम. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून तिच्या हातात दोरा होता. आधी मासेमारीच्या जाळ्या, मग खेळाच्या मैदानांच्या, आणि गेली वीस वर्षं बांधकामावरच्या, उंचावरून माणूस पडला तर त्याला झेलणाऱ्या. कारखान्यात जाळी विणून झाली की दोन बायकांना बरोबर घेऊन हीच इमारतीवर जायची आणि बांधून द्यायची. तिच्या हातची जाळी लांबूनही ओळखू यायची. चारी कोपरे सारखे, मध्ये सुरकुती नाही, ढोलाच्या कातड्यासारखी ताठ. साहेब लोक खूश असत. तीही स्वतःवर खूश असे.

त्याच ताठ जाळीवर तिचा धाकटा भाऊ पडला.

तो वेल्डर होता. चौथ्या मजल्यावर पाय घसरला आणि तो दोन मजले खाली, बहिणीने सकाळीच बांधलेल्या जाळीत आदळला. जाळीला काही झालं नाही. भावाची पाठ मोडली. दवाखान्यात भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "जाळी होती म्हणून वाचला." ती नुसती मान हलवायची. अशा वेळी माणूस दुसरं काय करणार?

दीड वर्ष तो अंथरुणाला खिळून होता. एका संध्याकाळी ती त्याची उशी सारखी करत असताना म्हणाला, "ताई, एक सांग. तुझी जाळी तर शाबूत राहिली. मग मी का मोडलो?"

तिचा हात थांबला.

"दोष देत नाहीये गं," तो म्हणाला. "खरंच विचारतोय. मला कळत नाही."

तिलाही कळत नव्हतं. पण प्रश्न असा होता की टाळला तर घास गिळवला नसता. भाऊ अकरावीपर्यंत शिकलेला. शेजारच्या खोलीत एक शिक्षक राहायचे, त्यांच्याकडून तिने पदार्थविज्ञानाचं जुनं पुस्तक मागून आणलं. पाठीचा कणा सुटलेलं पुस्तक. भाऊ म्हणाला, "वा, दोघांची जोडी जमली." मग रोज ती कामावरून आली, हातपाय धुतले, चहा टाकला की दोघं पुस्तक उघडून बसत.

"संवेग," भाऊ वाचायचा. "वस्तुमान गुणिले वेग. म्हणजे किती जड आहे आणि किती वेगात आहे, दोन्ही मिळून."

"बरं. पुढे?"

"पडणाऱ्या माणसाचा संवेग जाळीला संपवावाच लागतो. त्यातून तिची सुटका नाही. आता तो झटक्यात संपव नाहीतर सावकाश, एकूण हिशोब तोच. बल गुणिले वेळ. त्याला म्हणतात आवेग. वेळ चौपट केलास तर बल पाव होतं."

ती कप हातात धरून बसली. डोळ्यांपुढे आल्या त्या बांधकामावर विटा झेलणाऱ्या बायका. खालून वीट भिरकावली जाते आणि वरची बाई ती झेलताना हात विटेबरोबर मागे नेते. हात ताठ धरला तर बोटं फुटतील, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं.

"म्हणजे मी हात ताठ धरला होता," ती हळूच म्हणाली.

"तुला तसंच बांधायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. पण बांधलं मी."

त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. ताठ जाळी पुन्हा बांधायची नाही. मग समोर कोणी का असेना.

पुढचीच इमारत आठ मजली होती. तिथला इंजिनिअर तिशीतला, कामाला पक्का, उन्हाने रापलेला. तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर जाळी लोंबताना बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"मावशी, हा काय झोळ?"

"झोळच आहे साहेब. कागदपत्रांत असू नये, जाळीत असावा."

बरोबरच्या बायका फिसकन हसल्या. इंजिनिअर हसला नाही. त्याने खाली बोट दाखवलं. जाळीच्या खाली जेमतेम हातभर अंतरावर फळ्यांचा माळा होता आणि त्यावर लोखंडी पत्र्यांची थप्पी. "माणूस पडला, तुमची जाळी खाली गेली, की तो थेट पत्र्यांवर. म्हणून ताणायला सांगतोय. मला काय हौस आहे?"

तिने वाकून पाहिलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मग पत्रे हलवा. माळाही काढा."

"तीन-चार दिवसांचं काम आहे ते! वरचं काम कोण थांबवणार?"

"तुम्ही."

"मी दुसरी माणसं आणून जाळी बांधून घेईन."

"आणा की. त्याआधी ऐंशी-ऐंशी किलो वाळूची दोन पोती भरून द्या. मागच्या रिकाम्या बाजूला तुमच्यासमोर टाकून दाखवते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मग ज्याला आणायचं त्याला आणा."

इंजिनिअर तयार झाला. बहुधा वाद मिटवायला. मागच्या बाजूला तिने आधी ताठ जाळी बांधली, अगदी पूर्वीसारखी. बांधताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. पाच मीटर वरून पोतं सोडलं. धप्प आवाज झाला, एका कोपऱ्याचा खांब वाकला आणि पोतं फाटून वाळू चहूकडे उडाली. मग तिने झोळ ठेवून दुसरी जाळी बांधली, खाली सगळं मोकळं. तेवढ्याच उंचीवरून दुसरं पोतं आलं. जाळी त्याला घेऊन खाली खाली गेली, दोन मीटरभर, आणि मग ते पोतं पाळण्यासारखं हलत पडून राहिलं.

इंजिनिअरने दोन्ही वेळा मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते संथ करून त्याने वेळ मोजला. पहिलं पोतं सेकंदाच्या दहाव्या भागात थांबलं होतं, दुसऱ्याला त्याच्या चौपट वेळ लागला होता. मावशीने खडू घेतला आणि प्लायवूडच्या तुकड्यावर आकडे मांडले.

"पाच मीटर पडलं की वेग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास. ऐंशी गुणिले दहा, आठशे. हा संवेग. दोन्ही पोत्यांचा सारखाच. पहिल्यात शून्य पूर्णांक एकने भागा, आठ हजार न्यूटन. दुसऱ्यात शून्य पूर्णांक चारने, दोन हजार. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार, म्हणजे एकाला आठशे किलो अंगावर आल्यासारखं, दुसऱ्याला दोनशे. पोत्याचं स्वतःचं वजन दोन्हीकडे वेगळं धरा. आणि साहेब, आत वाळू होती म्हणून नुसती सांडली."

तो आकड्यांकडे बघतच म्हणाला, "हे मी परीक्षेत लिहिलंय, मावशी. पूर्ण गुण मिळाले होते."

तिने हाताला लागलेला खडू झटकला. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, आणि त्याला तो बसला होता.

वरचं काम थांबलं, लोंबणारी जाळी तिने उतरवून गुंडाळली. पत्रे हलवायला तीन दिवस लागले. तिन्ही दिवस ती सकाळी येऊन जाळीच्या गुंडाळीवर बसून राहिली. "मावशी, निदान एक बाजू तरी बांधून ठेवा," मुकादम येऊन सांगून गेला. ती म्हणाली, "खालची शेवटची फळी निघाली की." चौथ्या दिवशी दुपारी फळी निघाली. तिने हातात दोरी घेतली.

पाच महिन्यांनी एक रंगारी सहाव्या मजल्यावरून तोल जाऊन पडला. तोवर जाळी पाचव्याच्या खाली सरकवून घेतलेली होती आणि तिच्याखालची जागाही मोकळी केलेली. तो झोळात खोल गेला, दोन हेलकावे खाल्ले आणि उठून बसला. कोपर खरचटलं होतं. अंगभर पिवळा रंग. घाबऱ्याघुबऱ्या धावत आलेल्या लोकांना त्याने पहिलं काय विचारलं, तर, "माझी एक चप्पल कुठे गेली?"

घरी येऊन तिने भावाला हे सांगितलं. एव्हाना तो काठ्या घेऊन खोलीतल्या खोलीत चालू लागला होता. तो आधी चपलेवर खूप हसला. मग म्हणाला, "स्वतःच्या पायांनी उतरला?"

"हो. जिन्याने."

भावाने मान खिडकीकडे वळवली. तिने त्याला तसंच राहू दिलं आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कात्री घेऊन इमारतीवर हजर. रंगारी पडला होता ती जाळी तिने कोपऱ्यापासून सोडायला घेतली. इंजिनिअर धावत आला.

"मावशी, अहो काय करताय? चांगली आहे ती! कालच तर माणूस वाचवलाय तिने."

"म्हणूनच काढतेय. जेवढं ताणायचं तेवढी ती काल ताणली गेली. पुढच्याला द्यायला तिच्यात किती उरलंय, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. नवी आणलीय खाली."

"किती वेळ लागेल?"

"दुपारपर्यंत. तोवर वर कोणी चढायचं नाही."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. मग तोंडाशी दोन्ही हात धरून त्याने वरच्या माणसांना खाली उतरायची हाक दिली.