हात वाढला
एकोणीसशे तिसाच्या आसपासची, सोलापुरातली गोष्ट. मिलमध्ये यंत्राच्या पट्ट्यात माझा उजवा हात कोपराखाली गेला, त्याला महिना झाला होता. भोंगा झाला की मी सवयीनं उठायची आणि परत खोलीच्या उंबऱ्याशी बसायची. वाटत काहीच नव्हतं.

सासूबाई 'तुटला' हा शब्द तोंडातून काढायच्या नाहीत. सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. त्याच न्यायानं त्यांनी माझ्या माहेरी निरोप धाडला, सुनेचा हात वाढला. भाऊ दुधनीहून धावत आला तो सूज किती चढलीय असं विचारतच. हसावं की रडावं, मला दोन्ही जमलं नाही.

सासूबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं, दसरा झाला की मुलाला दुसरी करणार, बहिणीला घेऊन जा. पोरगी मात्र इथंच राहील, आमचं रक्त आहे. पोर दीड वर्षाची होती. नवऱ्यानं मान खाली घालून विडी पेटवली. भाऊ म्हणाला, दसऱ्यानंतर न्यायला येतो. मी आपली शेजारणीचं बोलणं चाललंय अशी ऐकत बसले.

शेजारी एक म्हातारे विणकर होते, तेलुगू घरातले. लहानपणी देवीत दोन्ही डोळे गेलेले. तरी मागावर बसायचे. धागा तुटला की बोटांनी चाचपून टोकं शोधायची आणि गाठ मारून पुढं. चाळीतल्या बायका मला सांगायच्या, बघ, शीक जरा त्यांच्याकडून. असल्या उपदेशाचा मला भारी संताप यायचा. स्वतःचे दोन हात नाचवत शहाणपण शिकवायला काय जातंय!

मग त्यांची सून बाळंतपणाला गेली. मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला घरात कुणी उरलं नाही. म्हाताऱ्यानं मलाच हाक मारली. मी म्हटलं, मामा, मला हात नाही.

"मला डोळे न्हाईत. बस."

कांडी भरायला रहाट एका हातानं फिरवायचा, सूत दुसऱ्यानं धरायचं. त्यांनी रहाटाच्या मुठीला जुन्या धोतराची चिंधी कड्यासारखी बांधली आणि कोपरापर्यंत उरलेला हात त्यात घालून फिरव म्हणाले. पहिल्या दिवशी नुसता गुंता झाला. कांडी चाचपायचे, ढिली म्हणायचे, बाजूला टाकायचे. म्हातारा लई खडूस. पण तिथं माझ्या हाताकडं कुणी बघत नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्याही.

दसरा आठवड्यावर आला तेव्हा कांड्या घट्ट बसायला लागल्या होत्या. एकदा सासूबाई दाराशी येऊन बघून गेल्या. संध्याकाळी पोळपाट पुसता पुसता नवऱ्याला म्हणाल्या, दुसरीचं राहू दे, हिचा हात चालतोय. नवऱ्यानं मान हलवली. मी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सूत लावता लावता मी म्हाताऱ्याला सांगितलं, ठेवून घेणार म्हणे मला. माग थांबला.

"तुला ऱ्हायचं हाय का?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. सासूनं नाही, भावानं नाही, नवऱ्यानं तर नाहीच. मला राहायचं होतं. माझी पोर तिथं होती. मी "व्हय" म्हणाले, आणि मग कितीतरी वेळ मला समोरचं सूत दिसेना.