हिरामणआबांची मागची खिडकी

आमच्या कॉलनीत कुणाची काच तडकली की पहिली हाक हिरामणआबांना जायची. काचवाल्याला गाठायचं तर पंचवटीत जा, माप सांगा, तो उद्या येतो म्हणणार आणि आठवडाभर तोंड दाखवणार नाही. आबा मात्र हातातला चहा अर्धा टाकून यायचे. खांद्याच्या पिशवीत रुंद चिकटपट्टी, काचेच्या फटी बुजवायच्या लांबीचा गोळा, जुने एक्स-रे, द्राक्षांच्या पेट्यांचे पुठ्ठे आणि मुलीची सुकत आलेली नेलपॉलिशची बाटली. बारीक तडा असला तर त्याच्या टोकाला नेलपॉलिशचा थेंब, मोठा असला तर दोन्ही बाजूंनी पट्टी, भोक असलं तर एक्स-रे. बोटाने पट्टीखालची हवा काढून टाकत ते म्हणायचे, "तात्पुरतं हाय. पण दिवाळी काढंल बघा."

दिवाळी निघायची आणि पुढचीही निघायची. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्या वडिलांच्या छातीचा एक्स-रे कितीतरी वर्षं होता. पोळ्या लाटताना समोर बरगड्या! मला या माणसाचा मनापासून राग यायचा. फुटलेली वस्तू फुटलेली आहे हे ते कुणाला म्हणूच द्यायचे नाहीत.

कॉलनी उभी आहे ती जमीन आबांचीच. मखमलाबाद रस्त्याला त्यांचा गुलाबाचा आणि भाजीचा मळा होता. तानुमावशी, म्हणजे त्यांची बायको, पहाटे टोपली घेऊन पंचवटीच्या बाजारात फुलं विकायची. नव्वदच्या सुमारास शहर मळ्याच्या बांधाला येऊन टेकलं आणि भावाभावांनी जमीन प्लॉट पाडायला देऊन टाकली. सगळे प्लॉट खपले, एक राहिला. त्यात मळ्याची विहीर होती, आणि विहिरीच्या काठावर साती आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड होते. पाण्यात राहणाऱ्या या सात जणी ज्या घरच्या, त्या घराने त्यांना परक्याच्या हाती देऊ नये, असं तानुमावशीचं ठाम म्हणणं होतं. "आपल्या आसरा आपल्याच दारात ऱ्हातील," ती म्हणाली. म्हणून तो प्लॉट आबांनी स्वतःला ठेवला.

विहीर बुजवली तेव्हा मी शाळेत होते, रोज गंमत बघायला जाऊन उभी राहायचे. उपटलेल्या गुलाबांचे बुंधे, तोडलेल्या पेरूची खोडं, पडक्या खोपीच्या विटा, पाचोळा, जे हाताला लागेल ते आत गेलं आणि वर माती लोटली. मधोमध एक लोखंडी पाइप उभा सोडला, तोंड उघडं ठेवून. विहीर बुजवली तरी आसरांना श्वास घ्यायला वाट ठेवायची असते, नाहीतर त्या घरावर उलटतात. पाइपाशेजारी ते सात दगड मांडले.

पुढे दोन खोल्यांचं घर झालं. मागच्या खोलीची भिंत थेट विहिरीच्या कडेवर आली आणि तिची खिडकी त्या पाइपाकडे उघडायची. तानुमावशी रोज अंघोळ झाली की दगडांना हळदकुंकू वाहायची आणि पाइपात तांब्याभर पाणी ओतायची. पावसाळ्यात परसातलं सगळं पाणी गोल फिरत त्याच तोंडाने आत जायचं. ते बघून तिला फार बरं वाटायचं.

त्या मागच्या खिडकीची काच पहिल्यांदा तडकली ती कुणी हात न लावता. चेंडू नाही, दगड नाही, वारासुद्धा नाही. आम्ही पुढच्या ओट्यावर बसलो होतो आणि आतून फक्त टक् असा आवाज आला. आबांनी जाऊन पाहिलं, खालच्या कोपऱ्यातून वर एक तिरपा तडा गेला होता. त्यांनी पट्टी मारली. पुढच्या पावसाळ्यात वरच्या कोपऱ्यातून दुसरा तडा खाली आला. तेव्हा मात्र त्यांनी पदरमोड करून नवी काच बसवली, आणि तीही चार-दोन महिन्यांत तशीच तिरपी गेली.

"काच खराब दिली मेल्यानं," आबा म्हणाले.

"काचंचं नाय वो," तानुमावशी म्हणाली. "खालच्या नाराज झाल्यात. त्यांना काहीतरी कमी पडतंय." आणि ती सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन तांबे ओतायला लागली.

त्याच सुमारास मागच्या खोलीचं दार अडकायला लागलं. आबांनी रंधा आणून त्याची कड तासली. दार परत अडकलं, त्यांनी परत तासलं. मग पाइपातून कधीतरी आवाज यायचा. खाली खोल काहीतरी सुटून पडल्यासारखा, ढप्प. मी तो स्वतःच्या कानांनी ऐकलाय. तानुमावशी लगेच हात जोडायची. आबा मान दुसरीकडे वळवून पट्टीचं टोक नखाने शोधत बसायचे. त्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. वाडवडिलांची जमीन देऊन हातात राहिलं होतं ते एवढंच घर, आणि ते बिघडलंय असं स्वतःच्या तोंडाने कसं म्हणणार? माझा राग होता, पण आता त्यांची दयाही येते.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात त्यांची एकुलती एक मुलगी सुवर्णा सिन्नरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतिणीची खोली म्हणजे मागचीच, कारण पुढच्या खोलीत चूल आणि येणारे-जाणारे. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, बाळाला तर मुळीच नाही, आणि खिडकीत तर तड्यांचं जाळं झालेलं. आबांनी कंबर कसली. तड्यांवर आतून आडव्या-उभ्या पट्ट्या मारल्या, फटीफटीत लांबी दाबली, बाहेरून खताची गोणी ठोकली. एवढं करूनही पट्ट्या सुटतील अशी भीती वाटली म्हणून शेवटी आतून काचभर खळ लावून सप्तशृंगी देवीचं मोठं कॅलेंडर चिकटवलं.

"आता देवीच बघंल," असं म्हणून त्यांनी हात झटकले.

देवी बसली म्हटल्यावर त्या खिडकीला हात कोण लावणार? तानुमावशी तिला उदबत्ती ओवाळायची. पट्टी उचकटून मागे काय चाललंय ते बघायचं कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. काच फुटली तर खळकन आवाज होतो आणि घर जागं होतं. या काचेला आवाज करायलासुद्धा जागा उरली नव्हती.

सुवर्णाला मुलगा झाला. मायलेकरांना रोज तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, तेही त्याच खोलीच्या मोरीत. मोरीचं पाणी मागे परसात, परसातून पाइपात. तानुमावशी हंडे तापवून थकायची, पण चेहरा उजळलेला. मी दुपारी बाळाला बघायला जायचे तेव्हा खोलीत धुरी, ओव्याचा वास आणि दाटलेला अंधार. एकदा सुवर्णा बाजेवरून म्हणाली, "स्नेहल, ती देवी बघ ना जरा."

कॅलेंडरवर देवीच्या खांद्यापासून खाली एक चीर गेली होती. कागद सरळ फाटला होता, कुणी ओढल्यासारखा.

"आबा, देवी फाटती हाय," सुवर्णाने बाहेर हाक मारली. "मला या खोलीत नको वाटतंय. दुपारची पडले ना, की फरशीखाली कायतरी सरकतं."

"बाळंतपणात असं वाटतंच गं," तानुमावशी म्हणाली. "सव्वा महिना होऊ दे. मग पाणी पूजलं की आसरा शांत होतील."

 खळीची वाटी आणून आबांनी ती चीर जुळवली आणि तळहाताने दाबून धरली, बराच वेळ.  

सव्वा महिना झाला. त्या दिवशी बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते आणि विहिरीची पूजा करते, मगच तिने पाण्याला हात लावायचा. यांची विहीर बुजलेली, म्हणून पूजा पाइपाची आणि सात दगडांची. सकाळी ऊन पडलं होतं. सुवर्णा हिरवी साडी नेसून कळशी घेऊन उभी होती, बाळ माझ्या आईच्या हातात होतं, शेजारच्या दोघी-तिघी होत्या, मीही होते. सगळ्या पाइपाभोवती, अनवाणी. माती पायाखाली गादीसारखी मऊ लागत होती. मी तसं म्हटलंही. "पावसाची हाय," तानुमावशी म्हणाली.

आबा आत होते. आता खोलीला वारा चालणार होता. बाहेरची गोणी त्यांनी सकाळीच काढली होती आणि आता कॅलेंडर सोडवत होते. देवीचा कागद फाडून टाकायचा नाही, अख्खा काढून गोदेत सोडायचा, म्हणून कोमट पाण्याने खळ भिजवत ते एकेक कोपरा सोडवत होते. कागदाबरोबर पट्ट्याही सुटत आल्या. आणि एकाएकी सगळी काच बाहेरच्या बाजूला निखळली. खळ्ळकन तुकडे पाइपाच्या पायथ्याशी पडले.

रिकाम्या चौकटीत आबांचा चेहरा दिसला. चौकट चौकट राहिलीच नव्हती, एका बाजूला पार कलंडली होती. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

"मागं सरा!" ते ओरडले. "समद्या मागं सरा!"

तानुमावशीला वाटलं ते काचेसाठीच ओरडतायत. "सरा गं, सरा, काच लागंल," तिने सुवर्णाला दोन्ही हातांनी मागे लोटलं. आम्ही सगळ्या भिंतीपासून लांब, कुंपणापर्यंत सरलो. ती मात्र पुढे झाली. लेकीच्या कच्च्या पायात तुकडा जायला नको म्हणून पदराची खोळ करून ती खाली वाकली आणि काचा वेचायला लागली.

"तानू, ऱ्हाऊ दे! तानू!"

"झालंच की," ती म्हणाली.

मोठा आवाज झाला नाही. जमीन आत बसली, एवढंच. पाइप कलला, दगड गेले, आणि ती वाकलेली होती तशीच गेली. जिथे ती होती तिथे काळं भोक होतं आणि त्यातून कुजक्या लाकडाचा वास वर येत होता. मग मागची भिंत हळूहळू त्याच्यावर झुकली. आबा खिडकीतून उडी मारायला निघाले होते. पुढच्या ओट्यावर बसलेल्या माझ्या वडिलांनी दाराने धावत जाऊन त्यांना कमरेला मिठी मारून बाहेर ओढलं. त्यांच्या हातात ते भिजलेलं कॅलेंडर तसंच होतं.

अग्निशामक दलाने तिला संध्याकाळी वर काढलं. आत टाकलेले बुंधे कुजून पोकळ झाले होते आणि इतक्या वर्षांच्या पाण्याने माती खाली खाली नेली होती. पदर मुठीत घट्ट होता. मुठीत काच होती.

सुवर्णा बाळाला घेऊन सिन्नरला गेली. वडिलांना तिने पुष्कळदा बोलावलं, पण आबा हलले नाहीत. पालिकेने मुरूम टाकून खड्डा भरला, आबा पुढच्या खोलीत राहिले. पिशवी त्यांनी कुठे टाकली कुणास ठाऊक. कॉलनीत कुणाची काच तडकली तर कुणी त्यांना हाक मारत नसे, आणि ते कुणाशी बोलतही नसत.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आमच्या पुढच्या खिडकीला मुलांचा चेंडू लागून काच तडकली. आईने सवयीने तिच्यावर पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी आबा रस्त्याने चालले होते, ते थांबले. फाटक उघडून आत आले, नखाने पट्टीचं टोक शोधलं आणि सगळी पट्टी ओढून काढली. काच खाली पडून फुटली. आई आतून ओरडत आली. मी तुकडे वेचायला खाली वाकले.

आबांनी माझा दंड धरला. इतक्या जोराने की दुखलं.

"मागं सर, पोरी," ते म्हणाले. "मी उचलतो."

आणि ते गुडघ्यांवर बसले.