भगवानरावांची तक्रार

इंजिन चालवणारा माणूस वाघाला भिणार नाही, पण रेल्वेच्या डॉक्टरला भितो. मी गार्ड होतो, वैद्यकीय तपासणी मलाही चुकत नव्हती. पण माझे साडू भगवानराव गवई लोको पायलट. त्यांची भाकरीच डोळ्यांवर, कानांवर आणि रक्तदाबावर अवलंबून. डॉक्टरने 'अनफिट' लिहिलं की माणूस इंजिनावरून खाली उतरला. मग कुठल्यातरी लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या हजेरीखोलीत, बसून दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावायच्या आणि जन्मभर त्या इंजिनांकडे खिडकीतून बघायचं. म्हणून तपासणी जवळ आली की भगवानराव मीठ सोडत, पहाटे फिरायला जात, आणि डॉक्टरसमोर छाती काढून एकच वाक्य म्हणत, "कोई तकलीफ नहीं, साहब." मग अंगात ताप असो की गुडघा सुजलेला असो. त्या वाक्याने त्यांची नोकरी शेवटपर्यंत टिकवली आणि त्याच वाक्याने त्यांचा घात केला. हे मी रागाने लिहितो आहे, आणि राग नक्की कोणावर काढायचा ते अजून मला कळलेलं नाही.

आम्ही दोघं अकोल्याकडचे. भरतीत अजमेर मिळालं म्हणून राजस्थानात आलो आणि बदल्या होत होत जयपूरचे झालो. माझं लग्न भगवानरावांनीच जुळवलं, स्वतःच्या मेहुणीशी. त्यामुळे द्वारकाताई आणि माझी विजयमाला सख्ख्या बहिणी, आणि भगवानरावांची चेष्टा करायचा परवाना मला पहिल्या दिवसापासून मिळालेला. मी चारचौघांत सांगायचो, यांनी मालगाडी इतकी सावकाश नेली की निघताना पेरलेला गहू पोहोचेपर्यंत कापून झाला होता. ते सांगायचे, गार्डसाहेब मागच्या डब्यात झोपले होते, त्यांना काय कळणार. आम्ही दोघं कुठेही एकत्र दिसलो की लोक आधीच हसायला तयार असत. मला त्याचा अभिमान होता.

निवृत्तीनंतर त्यांनी प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं, मी दोन गल्ल्या सोडून. एका जयंतीच्या कार्यक्रमात, पाहुण्यांचं भाषण चालू असताना, भगवानराव सारखे उठून बाहेर जाऊ लागले. मीही मागे गेलो. मोरीत ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नुसते उभे होते.

"काय भगवानराव, सिग्नल मिळत नाई का?"

"लाल हाये," ते म्हणाले आणि हसले. मीही हसलो, पण मला ते लक्षण माहीत होतं. मला स्वतःला तसाच त्रास झाला होता. मी रेल्वेच्या दवाखान्यात सांगितलं, त्यांनी प्रोस्टेटसाठी रक्ताची तपासणी केली. माझी ग्रंथी नुसतीच वाढलेली निघाली, गोळ्यांवर भागलं. पण तिथल्या डॉक्टरने मला बजावलं होतं की याच लक्षणांखाली कॅन्सरही लपून बसतो, आणि वेळेत सापडला तर त्याला आवरता येतं.

परत येताना मी चेष्टा सोडून हे सगळं भगवानरावांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्या काळच्या इंजनात मोरी व्हती का, सदाशिवराव? फुलेऱ्यापासून रेवाडीवरी दाबून बसा लागे. जिंदगीभर दाबलं, आता ते आयकत नाई. त्याच्यात डॉक्टर कायले?"

त्यांचा मुलगा राजरत्न सीतापुऱ्याच्या एका कंपनीत आहे. कंपनीच्या आरोग्य विम्यात आईवडीलही येतात आणि वर्षातून एकदा त्यांची तपासणी होते. मी विम्याच्या फोनवर स्वतः विचारलं. प्रोस्टेटची ती पीएसए नावाची रक्ततपासणी नेहमीच्या तपासण्यांत नव्हती. पण माणसाने लघवीची तक्रार सांगितली आणि डॉक्टरने लिहून दिलं, तर विम्यात बसत होती. रेल्वेच्या कार्डावरही ती फुकटच होती, फक्त तिथेही तक्रार सांगावी लागत होती. दोन्ही दारं उघडी होती आणि आत जायला एक वाक्य पुरेसं होतं. तेही खरं वाक्य!

राजरत्नने त्यात आणखी भर घातली. तो जयपुरातच वाढलेला, मराठीत निम्मं हिंदी. म्हणाला, "पप्पा, तिथे ज्यादा काही सांगू नका. मतलब, एकदा त्यांनी बीमारी लिहिली तर आगे क्लेमला प्रॉब्लेम येतो." कंपनीच्या त्या पॉलिसीत असं काहीच नव्हतं, हे मला नंतर कळलं. पोराने कुठेतरी अर्धवट ऐकलं होतं. भगवानरावांना मात्र ते लगेच पटलं. डॉक्टरला खरं सांगू नये, हे त्यांना कोणीही सांगितलं असतं तरी पटलं असतं.

तपासणीच्या दिवशी मी हट्टाने बरोबर गेलो. सून रूपाली गाडी घेऊन आली होती. डॉक्टर तरुण मुलगी होती, हसतमुख, घाईत. रूपाली सासऱ्यांची जुनी कागदपत्रं हातात धरून खुर्चीमागे उभी राहिली. डॉक्टरने विचारलं, "अंकल, कोई तकलीफ? पेशाब वगैरह में?"

तिने विचारलं होतं. अगदी नेमकं तेच विचारलं होतं. भगवानराव ताठ बसले, आणि सुनेसमोर त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

"कोई तकलीफ नहीं, साहब."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "झूठ बोल रहे हैं, डॉक्टर साहब. इनको बहुत तकलीफ है. रुक-रुक के होता है, रात को चार बार उठते हैं."

भगवानरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते मोठ्याने हसले. "इनकी बात पे मत जाइए. मेरे साढू हैं. मजाक करने की आदत है."

रूपाली हसली. डॉक्टरही हसली आणि म्हणाली, "मेरे पापा और मौसाजी भी ऐसे ही हैं." मी म्हणालो, नाही, मी खरंच सांगतोय. त्यावर तिघंही आणखी हसले. तिने काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी मात्र तिथे तोंड पाडून उभा. एवढ्या वर्षांच्या चेष्टेने माझ्या शब्दाची किंमत अशी घालवली होती.

रिपोर्ट चांगले आले. साखर, हृदय, सगळं ठीक. जे तपासलंच नव्हतं ते रिपोर्टात कुठून येणार? भगवानरावांनी कांद्याची कचोरी आणवली आणि माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "खा. ए-वन फिट हावो मी." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोललो, कारण ते नसले तर मी बोलणार कोणाशी?

पुढच्या हिवाळ्यात त्यांची कंबर धरली. द्वारकाताई बाम चोळत. भगवानराव म्हणत, इंजनाचे हादरे आता निघत आहेत. मी दवाखान्याचं नाव काढलं की ते रेडिओचा आवाज वाढवत. मग एका सकाळी खुर्चीतून उठताना त्यांचा पाय उचललाच नाही. तेव्हा कुठे रक्त तपासायला गेलं, फोटो निघाले, यंत्रात झोपवून झालं. कॅन्सर प्रोस्टेटमधून मणक्यात आणि कमरेच्या हाडांत पसरला होता. बरं करणं हातात राहिलेलं नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. "साल भर पहले आते तो बात और होती." वर्षभरापूर्वी आम्ही डॉक्टरसमोर बसलो होतो, हे त्यांना सांगून काय उपयोग होता!

आता विमा सगळं देतो. खाट देतो, इंजेक्शनं देतो, त्या दिवशी जी झालीच नाही तीच रक्ततपासणी दर महिन्याला देतो. राजरत्न काउंटरवरून परत येतो आणि मला सांगतो, "काका, सब कव्हर आहे. चिंता मत करो." सांगताना माझ्याकडे बघत नाही. त्याच्यावर राग काढावा म्हणतो, आणि त्याला चहा प्यायला घेऊन जातो. पोर आधीच मेलं आहे मनाने.

काल दुपारी मी वॉर्डात गेलो. द्वारकाताई जेवायला गेल्या होत्या. डॉक्टरांची फेरी नुकतीच होऊन गेली होती आणि नेहमीचं वाक्य त्यांना मिळालं होतं. भगवानराव छताकडे बघत पडले होते. मी सवयीने काहीतरी चेष्टा केली, इंजिन शेडात कधीपर्यंत ठेवणार म्हणून. ते हसले नाहीत. माझा हात शोधून त्यांनी घट्ट धरला.

"सदाशिवराव, लय दुखते हो."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली तक्रार. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

"मग आत्ता डॉक्टरले का नाई सांगितलं?"

"मले सांगता येत नाई." ते डोळे मिटून म्हणाले. "तुमीच सांगा."

मी व्हरांड्यात धावलो. डॉक्टर जिन्यापाशी होते. मी त्यांना म्हणालो, माझे साडू खोटं बोलले, त्यांना फार दुखतं आहे. त्यांनी लगेच नर्सला बोलावून इंजेक्शन वाढवायला सांगितलं. या वेळी कोणीच हसलं नाही.