शेडच्या आतलं

मी शिकलो ते कदम गुरुजींमुळे. आज टर्पेंटाइनचा वास आला आणि नव्वदच्या दशकातलं बंगळूरच्या जयनगरमधलं रंगाऱ्याचं दुकान आठवलं. गावात रस्त्यावरच्या ज्या दिव्याखाली गुरुजींनी मला शिकवलं, तो बदलल्यावर त्याची गंजकी शेड त्यांनी मला तेव्हा बंगळूरला पाठवली होती. मी ती नीट न पाहताच रंगवायला टाकली.

"सर, अंदर हिंदी में कुछ लिखा था," रंगारी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "स्वल्प मुश्किल हुआ, पर सब घिस दिया. सरी?" ठीक ना, असं त्याने शेवटी कानडीत विचारलं.

आत पांढराशुभ्र रंग चकाकत होता.

महिन्याभरात गुरुजींनी पत्रातून विचारलं, "शेडच्या आत लिहिलेलं वाचलंस का?"

मी लिहिलं, "साष्टांग नमस्कार. दिवा बाल्कनीत लावला आहे. गुरुजी, तुम्ही लिहिलेलं रोज वाचतो."