अर्ध्या सौद्यातली चंदेरी गाडी

चंदेरी गाडीचं दार उघडलं आणि आतून मोगऱ्याचा घमघमाट अंगावर आला. आरशाला टांगलेली अत्तराची कुपी, तिच्या खाली नव्या सीटकव्हरांचा कोरा दर्प, आणि त्याच्याही तळाशी आणखी काही दडलं आहे का, याचा शोध घेत मी मांजरासारखा हुंगत बसलो. तुम्ही हसाल, पण महाडात जुनी गाडी घेणारा माणूस आधी इंजिन पाहत नाही, तो गाडी नाकाने पाहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढायचा आणि एरवी कधीच उजेडात न येणारं त्याचं टोक नाकाशी धरायचं, ही इथली रीत. पुरात न्हालेल्या गाडीचं सगळं धुऊन निघतं, त्या टोकातला गाळ तेवढा निघत नाही. मी टोक नाकाशी धरलं. तिथेही मोगराच! आता हा सुगंध गाडीच्या निष्कलंकतेचा पुरावा मानायचा की लबाडीचा? माझ्या गोंधळाला तिथूनच सुरुवात झाली.

मी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवलं, त्यामुळे व्यवहारातलं मला काही कळत नाही असा माझ्या घरच्यांचा पक्का समज आहे, आणि तो खोडून काढावा असं काही माझ्या हातून अद्याप घडलेलं नाही. आम्ही राहतो पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या वाटेवरच्या एका गावात. हिच्या मूत्रपिंडांनी संप पुकारल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा महाडला डायलिसिससाठी यावं लागतं. आमची जुनी पांढरी गाडी कोरड्या दिवसांत गुणी, पण हवेत ओल आली की तिला दमा लागायचा. एकदा परतताना ती चढावर बंद पडली. डायलिसिसनंतर माणूस पिळून काढल्यागत झालेला असतो. ही काही बोलली नाही, पदराने वारा घेत काचेबाहेर बघत राहिली. चार शब्द बोलली असती तरी चाललं असतं. तिचं ते निमूट बसणं मला फार लागलं. हिला घेऊन जाताना वाटेत दगा देणार नाही अशी गाडी घ्यायची, हे मी त्या चढावर ठरवलं.

हिचं मशीन चालू असलं की मला काही तास मोकळे मिळत. त्या वेळात मी युसुफभाईंच्या आवारात जाऊन बसू लागलो. युसुफभाई म्हणजे जुन्या गाड्यांचे व्यापारी. उमेदीची वर्षं आखातात गाड्या चालवून घालवलेली आणि उरलेली महाडात गाड्या विकून घालवत असलेली असामी. नदीकडच्या सखल भागात त्यांचं पत्र्याचं आवार. बोलणं साखरेचं, पण ते किमतीवर कधी येतच नसे! चहा यायचा, हिच्या प्रकृतीची मनापासून चौकशी व्हायची, बिरवाडीला खोली करून राहणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना कोणत्या गाड्या आवडतात यावर विवेचन व्हायचं. आणि मी आकडा विचारला की ते म्हणायचे, तुम्हीच बोला सर, तुमच्याकडून काय कमवायचं हाय?

आता हा प्रश्न की उत्तर? शेवटी एकदाचे आकडे निघाले, तर गोंधळ दुप्पट झाला. माझी पांढरी त्यांनी घ्यायची, चंदेरी मी घ्यायची आणि वरचा फरक मी द्यायचा, असा बेत होता. माझ्या पांढरीचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं, तिचा भाव वाढवून दिला. मी सुखावलो. मग लक्षात आलं की तेवढ्यात चंदेरीही तितकीच महाग झाली आहे. मी घासाघीस करून चंदेरी खाली आणली, तर पांढरी तिच्यामागोमाग पायऱ्या उतरून खाली आली. किंमत म्हणजे तरी नेमकं काय असतं हो? ती वस्तूत असते, विकणाऱ्याच्या जिभेवर असते, की घेणाऱ्याच्या गरजेत? युसुफभाईंना माझी गरज ठाऊक होती. हिच्या तब्येतीची चौकशी करणारा तो ओला स्वर खरा, की तोही व्यापाराचाच भाग? मला काहीच उमगेना, आणि त्या माणसाचा राग यावा तर तोही येईना.

अशाच एका श्रावणातल्या दुपारी, आकडे बऱ्यापैकी जवळ आले असताना, भोंगा वाजला.

सावित्री नदीचं पाणी चढू लागलं की नगरात भोंगा होतो. त्या आवाजाने परका माणूस घाबरेल. महाडकर आधी गाडीची किल्ली शोधतो. माणसं माळ्यावर चढू शकतात, गाडीला कोण चढवणार? म्हणून घटकाभरात साऱ्या गावाच्या गाड्या महामार्गाच्या उंचवट्यावर जाऊन ओळीने उभ्या राहतात. युसुफभाईंच्या आवारात तर गाड्याच गाड्या आणि माणसं मोजकी. अशा वेळी आवारात जो कोणी असेल त्याने हाती येईल ती गाडी वर न्यायची, मग तो गिऱ्हाईक असो वा नुसता चहाला आलेला. माझ्या हातात बोलता बोलता चंदेरीची किल्ली होतीच. मी बसलो, सुरू केली आणि निघालो.

काय चालत होती म्हणून सांगू! वायपर एका लयीत पाणी बाजूला सारत होते, क्लच लोण्यासारखा, आणि चढावर तिने एकदाही कुरकुर केली नाही. साठी उलटलेला मी, गावावर पाणी चालून येत असताना, चक्क गुणगुणत होतो. महामार्गावर गाडी लावली, उतरलो, आणि रुमालासाठी खिशात हात घातला तर हाताला लागली पांढरीची किल्ली.

पांढरी खाली आवारातच उभी होती. किल्ली माझ्यापाशी असल्यामुळे युसुफभाईंच्या माणसांनाही ती हलवता येणार नव्हती. मी परत फिरलो, पण खालचा रस्ता तोवर पाण्याने अडवला होता. लोकांनी मला पुढे जाऊ दिलं नाही. स्वतःची गाडी पुरात सोडून दुसऱ्याची गाडी वाचवणारा माणूस महाडच्या इतिहासात माझ्याआधी झाला असेल का, देव जाणे! मग मला ही आठवली. हिचं रुग्णालय उंचावर, त्यातून ही वरच्या मजल्यावर, तेव्हा भीती नव्हती. तिला खाली आणलं तर ती चंदेरीकडे बघून म्हणाली, आपली कुठाय? युसुफभाईंना फोन केला. ते म्हणाले, बाकीचं मागनं बघू, आधी वैनींना घरी पोचवा.

पुढच्या खेपेला आम्ही दोघं जरा लवकर निघून आवारात गेलो. पाणी एका रात्रीत ओसरलं होतं. पांढरी चारी दारं उघडी टाकून, गाळाने माखलेली, उन्हात उभी होती. आणि आता सुरू झाला माझ्या आयुष्यातला सर्वांत अजब सौदा. मी म्हणालो की व्यवहार पुरा झाला नव्हता, किल्ली माझ्या खिशात होती, तेव्हा बुडाली ती माझी गाडी. युसुफभाईंनी मान हलवली.

"नाय सर. पाणी येतंय म्हटल्यावर माणूस आपलं हाय तेच आधी उचलतो. तुम्ही चंदेरी उचललीत, म्हंजे ती तुमची झाली. मागं राहिली ती माझी. माझी बुडाली, तुमचं काय गेलं?"

महिनाभर एकेका हजारासाठी अडून बसलेले आम्ही दोघे, आता नुकसान आपल्याच पदरात पडावं म्हणून भांडत होतो! त्यांचा आकडा मी पुढे करावा आणि माझा आकडा त्यांनी, असा उफराटा प्रकार. यात औदार्य किती, अभिमान किती आणि एकमेकांच्या उपकारात राहायची भीती किती, हे आम्हा दोघांपैकी कोणालाही सांगता आलं नसतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ही सगळं ऐकत होती. अखेर तिलाच कंटाळा आला. पांढरीचं नुकसान दोघांनी निम्मं निम्मं सोसा, म्हणाली, आणि मला मशीनला उशीर होतोय. आम्ही दोघांनी मुकाट्याने माना डोलावल्या.

सौदा मिटला, पण माझ्या मनाचा गुंता सुटेना. युसुफभाईंचं ते वाक्य मला चिकटलं होतं. माणूस आपलं हाय तेच आधी उचलतो. मग त्या क्षणी मी जे उचललं ते काय होतं? हाव होती, सवय होती, की निव्वळ वेंधळेपणा? संध्याकाळी घरी परतताना मी हिलाही तेच विचारलं. पोलादपूर मागे पडलं, आमची पांढरी बंद पडली होती तो चढ आला आणि चंदेरी तो सहज चढून गेली. तेव्हा ही म्हणाली,

"किती मनाला लावून घेताय? मी वर मशीनला होते. मला न्यायची गाडी चालू तर व्हायला हवी, म्हणून तुम्ही ही उचललीत. एवढं साधं आहे."

मी "हो" म्हणालो. तिने समाधानाने डोळे मिटले आणि मान मागे टेकवली. भोंगा वाजला तेव्हा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला होता, असं तुम्हाला सांगायला मला किती आवडलं असतं! मी अजूनही आठवून आठवून पाहतो. आठवतं ते एवढंच, की गाडी फार सुरेख चालत होती.