इनान्नाच्या गोष्टीतून मी वगळलेली बहीण

बायको मरणाच्या दारातून परत आली आणि नवरा नटूनथटून आसनावर बसलेला दिसला, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, तर तिनं त्याचं काय करावं?

यंदा उन्हाळ्यात कर्जतजवळच्या कोंडाणे गावात बचत गटाच्या बायकांना मी हेच विचारलं. आधी गोष्ट सांगितली. फार जुन्या काळी सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लोक इनान्ना नावाच्या देवीला भजत. ती प्रेमाची देवी, आणि युद्धाचीही. ती एकदा पाताळात उतरली. तिथं तिच्या थोरल्या बहिणीचं राज्य. वाटेतल्या सात दारांवर तिचा मुकुट, माळा, वस्त्रं काढून घेतली, आणि बहिणीपुढे ती उघडी उभी राहिली तेव्हा तिला मारून टाकलं. पुढे ती जिवंत होऊन सुटली, पण बदल्यात कुणालातरी खाली पाठवायचं या अटीवर. आपल्यासाठी रडलेल्यांना तिनं वाचवलं. नवरा मेंढपाळ होता आणि तो मजेत होता. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं.

"पाठिव गं बाय त्याला," मागून एक म्हातारी म्हणाली. "पण मंग त्याची मेंढरं कोण राखील? हीच ना?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि पत्रकं वाटली.

पत्रक मीच लिहिलं होतं, आणि ते त्या बोटापाशी संपत होतं. मूळ गोष्ट तिथं संपत नाही. त्या मेंढपाळाला एक बहीण असते. ती म्हणते, याच्या वाट्याचं अर्धं वर्ष मी खाली राहते. तेव्हापासून सहा महिने तो पाताळात, सहा महिने ती. हा भाग मला अडचणीचा वाटला. भावासाठी स्वतःला पुरून घेणारी बाई माझ्या पत्रकात कुठं बसवणार? आमचे वडील आयुष्यभर पत्रकं काढत आले. आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालत वाढलो. एका पत्रकात एकच मुद्दा, हे त्यांचंच सांगणं. मी तिला काढून टाकलं.

वडील आता पळसदरीला घरी अंथरुणावर असतात. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आई नाही. धाकटी बहीण त्यांचं सगळं करते. तिनं रुग्णसेवेचा कोर्स केलाय. तेव्हाच आमचं ठरलं होतं की कोर्स झाला की मी घरी यायचं आणि तिनं नोकरीला लागायचं. मी कर्जतला राहत होतो, घरापासून एकाच स्टेशनाच्या अंतरावर. कधी मोर्चा, कधी शिबिर, माझं येणं लांबतच गेलं.

कोंडाण्याहून मी नवं पत्रक वडिलांना दाखवायला घरी गेलो. बहिणीनं त्यांना पेज भरवली, तोंड पुसलं आणि पत्रक मोठ्यानं वाचलं. मग मला विचारलं, "त्याला सोडवायला कुनीच नाय गेलं?"

मी त्या मेंढपाळाच्या बहिणीचं सांगितलं.

"मंग तिला का गाळलंस, दादा?"

"जागा नव्हती."

"हां. खाली गेलेल्या मानसाला कशाला लागतीय जागा."

वडील माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं समजतं.

मग तिनं सांगितलं की खोपोलीच्या एका दवाखान्यात तिची निवड झालीय, सोमवारी हजर व्हायचंय. मी म्हणालो, एवढा महिना जाऊ दे, मोर्चा तोंडावर आलाय. तिनं वाद घातला नाही. माझ्यासमोरच दवाखान्यात फोन लावला. "नाय जमनार हो, मॅडम. घरात दुसरं मानूस नाय."

मी तिच्यापासून दोन हातांवर खाटेवर बसलो होतो, हातात तिनंच दिलेला चहा. फोन अजून चालू होता. एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी चहा प्यायलो.

मोर्चा झाला. आता मी पळसदरीलाच राहतो. वडिलांना कुशीवर कसं वळवायचं ते तिनं शिकवलं, माझे हात अजून चुकतात. खोपोलीची जागा भरली. ती दुसरीकडे चौकशी करतेय आणि मला कधीच काही बोलत नाही. ती बोलली असती तर सोपं गेलं असतं.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. कर्जत, खालापूर, खोपोलीकडे कुठल्याही दवाखान्यात रुग्णसेवेची जागा निघाली, तर पळसदरीला या. स्टेशनबाहेर कुणालाही विचारा, घर दाखवतील. दार मी उघडेन. मला काही सांगू नका, तिला बाहेर बोलवा आणि तिच्याशीच बोला.